कुरणाचा विसावा



पैनगंगा ज्या अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते, त्यांच्याच शेजारी आपले धाड वसले आहे. या भागातल्या उघड्या उतारांकडे पाहून आपण म्हणतो, पाऊसच नाही, मग गवत कोठून येणार? आमचे म्हणणे असे की, पाऊस पडतो. गवताला आपण वाढू देत नाही.

गवताचे बळ त्याच्या मुळांत असते. पहिल्या पावसाबरोबर ते बळ खर्चून कोंब वर येतो आणि नेमका तोच जनावर खाते. असे वारंवार घडले की मूळ उपाशी मरते. मारवेल, पवन्या ही गोड गवते आधी नाहीशी होतात. तरोट्यासारखे जनावर तोंड न लावणारे तण माजते. खुरांनी जमीन आवळते. पाणी मुरत नाही, जाताना मातीही नेते.

यावर उपाय साधा आहे. मृगापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे बी पिकून गळेपर्यंत, कुरणात जनावर सोडू नये. मग गवत विळ्याने कापून गोठ्यात न्यावे. मात्र कुरण कायमचे कोंडणेही बरे नव्हे. न कापलेले गवत जून होते आणि झुडपे शिरतात.

पूर्वीच्या नगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे करून दाखविले. १९९४ साली ते गाव आदर्श गाव योजनेत आले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी त्यांनी पाळली, श्रमदानाने डोंगरावर चर खणले आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे तेथील गवत २००० साली सुमारे १०० टन होते. २००४ साली ते ६००० टनांवर गेले.

परंतु ज्याच्यापाशी चार शेळ्यांवाचून दुसरे काही नाही, त्याने ती पहिली वर्षे कशी काढावी? या प्रश्नाला उत्तर न देता घातलेले कुंपण रात्रीतून मोडले जाते, आणि मोडणाऱ्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. म्हणून आमची सूचना अशी: गायरानाचे चार भाग करावेत, एका वेळी एकच भाग पाळीने राखावा, आणि राखलेल्या गवताचा पहिला भारा भूमिहीनाच्या घरी जावा. जागा वनखात्याची असेल तेथे त्यांची संमती घ्यावी.

मृग अजून दूर नाही. त्याआधी ग्रामसभेत हा विषय निघावा, आणि त्या दिवशी शेळ्यामेंढ्या राखणारे पुढच्या रांगेत बसलेले असावेत, एवढीच आमची विनंती आहे.