संत योसेफाची पंगत

अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या न्यू ऑर्लिन्स शहरात दर वर्षी मार्चच्या मध्यावर काही दारांवर हिरवी डहाळी टांगलेली दिसते. आत जेवण आहे आणि ते येईल त्याला खुले आहे, एवढाच तिचा अर्थ. डहाळी कधी एखाद्या घराच्या दारावर असते, परंतु अलीकडे बहुधा धर्मग्रामाच्या सभागृहावरच असते. १९ मार्च हा संत योसेफाचा सण. त्या दिवशी तेथे जे घडते ते अर्धे नाटक आणि अर्धे जेवण असते. नाटक झाल्यावाचून जेवण सुरू होत नाही, आणि जेवणावाचून नाटक पुरे होत नाही. हा सारा खटाटोप पगारी माणसांकडून होत नाही. धर्मग्रामातील स्त्रीपुरुष आणि मुले तो आपखुशीने अंगावर घेतात.

सभागृहाच्या एका भिंतीशी तीन पायऱ्यांची वेदी मांडलेली असते. तीन पायऱ्या म्हणजे पवित्र त्रैक्याची खूण. सर्वांत वर बाल येशूला हाती घेतलेल्या संत योसेफाची मूर्ती, तिच्याभोवती लिलीची फुले, आणि खाली पायरीपायरीवर इतके पदार्थ की पांढरे आच्छादन दिसू नये. योसेफ सुतार होता, म्हणून पाव भाजलेले असतात ते करवत, हातोडा, शिडी यांच्या आकाराचे. एखादा पाव त्याच्या काठीचा, तर एखादा चक्क त्याच्या दाढीचा! तळलेल्या पिठाच्या गोळ्या साखरेच्या पाकात घोळवून त्यांचे उंच ढीग रचतात. ती चीडवृक्षाची बोंडे, बाल येशू त्यांच्याशी खेळत असे, असे म्हणतात. अंजिराचे सारण भरलेली कुच्चिदाती नावाची बिस्किटे पाहून आपल्याकडील माणसाला करंजीची आठवण व्हावी. मांस मात्र कोठेही नाही, कारण हा सण नेहमीच उपवासकाळात येतो. मासळी असते, भाज्या असतात, आर्टिचोकच्या भरलेल्या कळ्या असतात. मुख्य अन्न म्हणजे टोमॅटो, तारली मासळी आणि बडीशेपेचा पाला घालून केलेल्या रश्शातील शेवया. त्यांवर किसलेले चीज न घालता भाजलेल्या पावाचा चुरा भुरभुरतात. त्याला मुद्दिका म्हणतात. हा चुरा म्हणजे सुताराच्या करवतीखाली पडणारा भुसा! अर्थात चीज परवडत नसलेल्या माणसांनीच प्रथम तो शेवयांवर घातला असला पाहिजे. भुशाची कल्पना मागाहून सुचली असावी, पण सुचली ती फार सुंदर.

वेदीच्या एका कोपऱ्यात धर्मग्रामातील मृतांची छायाचित्रे असतात. मागील वर्षी अंजीर वाटायला बसलेली एखादी आजी या वर्षी त्या छायाचित्रांत जाऊन बसलेली असते.

ही तयारी कित्येक आठवडे आधी सुरू होते. मोठ्या धर्मग्रामात बिस्किटे हजारांच्या संख्येने लागतात, आणि ती दोन दिवसांत होणारी नव्हेत. वयस्क बाया लांबच लांब टेबलांभोवती बसून कणीक लाटतात, सारण भरतात, काठाला सुरीने नक्षी कापतात. पुरुष मंडळी वेदीच्या फळ्या ठोकतात, मोठी भांडी उचलतात, तळणाच्या कढईपाशी उभी राहतात. तरुण सुना या टेबलांवर जे शिकतात ते कोणत्याही पाकपुस्तकात सापडत नाही. प्रमाण विचारले तर उत्तर मिळायचे, 'हाताला कळेपर्यंत.' आपल्याकडे लग्नघरी पापड लाटायला जमलेल्या बायकांत आणि यांच्यात फरक असेल तर तो भाषेचा. तीच कुजबुज, तेच टोमणे, अमकीचे सारण सैल झाले म्हणून तीच नापसंती. स्वयंसेवा म्हटली की माणसे सद्गुणांची मूर्ती होतात असे नव्हे. कणकेच्या टेबलावर रुसवेफुगवे पुष्कळ होतात आणि बिस्किटे तरीही भाजून निघतात.

परंतु या कामाचा सर्वांत अवघड भाग भट्टीपाशी नसून दारोदार आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे वेदीचे साहित्य केवळ स्वतःच्या पैशाने विकत आणून चालत नाही. ते मागून आणावे लागते. ज्याने नवस केला तो कितीही सधन असो, त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, दुकानदाराकडे, कोळ्याकडे जाऊन संत योसेफाच्या नावाने पीठ, साखर, अंडी मागायची. नवरात्रात किंवा मंगळवारी-शुक्रवारी सुखवस्तू घरातील गृहिणीही पाच घरी जोगवा मागते, हे आपण जाणतो. तिला त्या मूठभर पिठाची गरज नसते. गरज असते ती हात पसरण्याची. न्यू ऑर्लिन्सच्या या चालीचे मर्म तेच आहे. देणारा होण्यापूर्वी प्रत्येकाला एकदा मागणारा व्हावे लागते. आज पुष्कळ ठिकाणी वर्गणी आणि देणगीची पाकिटे यांनी हे काम सोपे केले आहे. सोपे झाले खरे, पण त्या सोपेपणात काहीतरी गमावले आहे, असे जुन्या मंडळींनी म्हटले तर त्यांना दोष देता येणार नाही.

ही चाल सिसिली बेटाची. तेथील लोककथा अशी की मध्ययुगात एकदा मोठे अवर्षण पडले, पिके करपली, आणि गुरांना घालण्याची फावा नावाची वालासारखी शेंग तेवढी तगून राहिली. लोकांनी ती खाऊन दिवस काढले आणि संत योसेफाची करुणा भाकली. पाऊस आला, तेव्हा त्यांनी जे जे पिकले ते एका ठिकाणी मांडले आणि प्रथम गावातील दरिद्री माणसांना जेवू घातले. कथा किती खरी हा प्रश्न इतिहासकारांवर सोडावा. चाल मात्र आजही जिवंत आहे. पश्चिम सिसिलीत त्रापानी प्रांतात सालेमी नावाचे गाव आहे. तेथे या उत्सवाला 'चेना' म्हणजे रात्रीचे जेवण असेच नाव आहे. मेंदी आणि लॉरेल यांच्या पानांची लहानशी देवळे उभारून त्यांवर लिंबे, संत्री आणि कोरीव काम केलेले पाव लावतात, आणि येशू, मरिया व योसेफ झालेल्या तीन मुलांपुढे रिवाजाप्रमाणे १०१ पदार्थ एकामागून एक आणतात. १९६८ च्या जानेवारीतील भूकंपात या गावाची फार हानी झाली, तरी चेना मोडली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिलीचे हजारो शेतमजूर पालेर्मोहून लिंबांच्या व्यापारमार्गानेच न्यू ऑर्लिन्सला उतरले. उसाच्या मळ्यांत राबले, बंदरावर ओझी वाहिली, भाजीफळे विकली. जुन्या फ्रेंच वस्तीतील पडक्या वाड्यांतून ते इतके दाटीने राहू लागले की त्या भागाला लोक 'लहान पालेर्मो' म्हणू लागले. शहराने त्यांचे स्वागत कसे केले, हे सांगितल्याशिवाय या जेवणाचा अर्थ पुरता लागत नाही. १८९० च्या ऑक्टोबरात तेथील पोलीसप्रमुखाचा खून झाला. संशय इटालियनांवर आला. १३ मार्च १८९१ रोजी खटला संपला तेव्हा कोणीही दोषी ठरले नाही. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्चला, शहरातील प्रतिष्ठितांनी वृत्तपत्रांतून बोलावलेला हजारोंचा जमाव तुरुंगात घुसला आणि त्याने ११ इटालियनांना ठार केले. संत योसेफाचा सण तेव्हा अवघ्या पाच दिवसांवर होता. या कृत्याबद्दल शहराच्या वतीने महापौरांनी अधिकृत क्षमायाचना केली ती १२ एप्रिल २०१९ रोजी, म्हणजे १२८ वर्षांनी.

ही माणसे दार ठोठावण्याचे नाटक करीत असत आणि आजही करतात. नाटकाचे नाव 'तुप्पा तुप्पा'. मराठी कानाला या नावाने तुपाची आठवण होईल, पण सिसिलीच्या बोलीत त्याचा अर्थ 'टक टक' एवढाच. लहान मुले येशू, मरिया आणि योसेफ होतात. सोबत पंख लावलेले देवदूत असतात. योसेफ झालेला मुलगा काठीने पहिल्या दारावर ठोकतो. आतून विचारणा होते, कोण आहे, काय हवे? तो आपली नावे सांगून अन्न आणि निवारा मागतो. उत्तर येते, जागा नाही, पुढे जा. दुसऱ्या दारीही तेच. तिसरे दार उघडते. आतून स्वागताचे शब्द येतात, आणि पवित्र कुटुंबाला वेदीपुढच्या ताटांवर नेऊन बसवितात. मग प्रत्येक पदार्थातील घासघास त्यांना वाढला जातो. सारी गर्दी भुकेली उभी राहून पाहते. तिघांचे चाखणे संपले आणि 'विवा सान जुझेप्पे' असा संत योसेफाचा जयघोष झाला की मगच इतरांच्या पंगती बसतात. आठवडे न् आठवडे राबलेले स्वयंसेवक वाढपी असतात. ते सर्वांत शेवटी जेवतात.

शाळेत नाटक बसविणाऱ्या कोणाही शिक्षकाच्या लक्षात एक गोष्ट येईल. यात मरिया किंवा योसेफ होण्यास मुले उत्सुक असतात. प्रश्न असतो पहिल्या दोन दारांचा. 'जागा नाही' हे वाक्य कोण म्हणणार? बहुधा कोणी मोठा माणूस दाराआडून ते म्हणतो, जरा आवाज चढवून, आणि लोक हसतात. ज्यांच्या पणजोबांनी हे वाक्य नाटकाबाहेर ऐकले, त्यांचेच पणतू आज दाराच्या आतल्या बाजूला उभे आहेत. नकार देण्याची भूमिका त्यांच्या वाट्याला यावी, हा या चालीतला अवघड भाग आहे, आणि तो अवघडच राहिला पाहिजे.

याहून मोठा प्रश्न बाहेर उभ्या असलेल्यांचा. सिसिलीत पवित्र कुटुंब होण्याचा मान गावातील अनाथ पोरांचा, विधवेचा, निराधार वृद्धाचा असे. म्हणजे जो भुकेने दार ठोठावी तो खराच भुकेला असे, आणि त्याच्यापुढे आलेले ताट हे त्याचे खरे जेवण असे. आज न्यू ऑर्लिन्समध्ये बहुतेक ठिकाणी धर्मग्रामाच्या शाळेतील नीटनेटकी मुले ही सोंगे घेतात. सकाळी न्याहारी करून आलेला योसेफ घास चाखतो आणि आईकडे पाहून हसतो. पालक छायाचित्रे घेतात. यात वाईट काही नाही. ज्या मुलाने एकदा सर्वांसमक्ष अन्न मागितले, त्याला पुढे कोणी मागणारा दिसला तर ते आठवण्याचा संभव आहे. परंतु दरिद्री माणूस ताटावरून उठला आणि त्याच्या जागी त्याचे सोंग बसले, ही गोष्ट गोड बोलून झाकता येण्यासारखी नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नापूर्वी 'भिकाऱ्यांचे जेवण' घालण्याची जुनी चाल आहे. घरातील मृतांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना बोलावून मानाने वाढतात. तेथे कोणी भिकाऱ्याचे सोंग आणून बसविले तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटेल, याची कल्पना करावी.

न्यू ऑर्लिन्सच्या जाणत्या मंडळींना ही उणीव दिसत नाही असे नव्हे. वेदीवर जमलेली देणगी आणि उरलेले अन्न गरिबांकडे गेले पाहिजे, हा दंडक त्यांनी सोडलेला नाही. शिवाय सभागृहाचे दार सर्वांना उघडे असते. कोण कोणत्या पंथाचा, कोण खरा भुकेला आणि कोण नुसता हौशी, हे कोणी विचारीत नाही. या शहरातील काळ्या लोकांच्या 'स्पिरिच्युअल' पंथाच्या मंदिरांतूनही संत योसेफाच्या वेद्या मांडल्या जातात. तो पंथ कॅथलिक नव्हे आणि ती माणसे सिसिलीची नव्हेत. लहान पालेर्मोच्या शेजारात जे दार उघडे दिसले, त्यातून ही चाल बाहेर पडली आणि दुसऱ्याच्या घरी नांदू लागली. तिच्या खरेपणाची याहून मोठी साक्ष शोधण्याची गरज नाही.

सायंकाळी वेदी उतरवितात. ज्या हातांनी फळ्या ठोकल्या तेच हात खिळे काढतात. उरलेल्या शेवया, मासळी आणि पाव डब्यांत भरून गाड्यांत चढवितात. बाया टेबले पुसतात, आणि पुढल्या वर्षी अंजीर थोडे लवकर आणावेत यावर त्यांचे एकमत होते. निघताना प्रत्येक पाहुण्याच्या हाती एक लहान पिशवी देतात. तीत एक दोन बिस्किटे, संत योसेफाचे चित्र, फावाची एक वाळलेली शेंगदाळ आणि आशीर्वादित पावाचा तुकडा असतो. शेंगदाळ बटव्यात ठेवली की बटवा कधी रिकामा होत नाही, असा समज आहे. पावाचा तुकडा मात्र कोणी खात नाही. तो स्वयंपाकघरातील फळीवर जपून ठेवतात. जूनपासून मेक्सिकोच्या आखातावर वादळांचा मोसम सुरू होतो. आभाळ भरून आले आणि वारा खिडक्या हलवू लागला की घरातील वडील माणूस त्या तुकड्याचा कण मोडते, संत योसेफाचे नाव घेते, आणि दार उघडून तो अंगणात टाकते.