आधी थांबवतो किती ते पाहा, मग ओढतो किती ते विचारा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातली गावे ओस पडतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीच्या टोळ्या ट्रॉल्यांत बसून सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात. जाताना ट्रॉलीत माणसे, लेकरे, भांडीकुंडी. तिकडे त्याच ट्रॉलीत ऊस. म्हणून ट्रॅक्टर कोणता घ्यावा, हा प्रश्न एकट्या मालकाचा नाही.

खरेदीला गेलो की आपण एकच विचारतो : हॉर्सपॉवर किती? शेतकी शिकताना आम्हीही तेच विचारायला शिकलो. नांगरटीला ते ठीक. डबल ट्रॉली घाटातून उतरवायला काय लागते, हे मात्र आम्हाला धारूरच्या घाटाने शिकवले.

हिशेब मांडू. भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून 20 टन धरा. 20 फुटांना 1 फूट असा उतार असेल, तर नुसत्या उतारामुळे त्या ट्रॅक्टरला 1 टनाच्या जोराने पुढे ढकलतात. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतो. मग पाच हॉर्सपॉवर जास्त घेऊन काय होणार? चढावरही तेच. इंजिनात दम असला तरी चाकावर वजन नसेल, तर चाक जागेवर फिरते, नाहीतर पुढची चाके उचलतात.

म्हणून खरेदीच्या वेळी चार गोष्टी पाहा. ट्रॅक्टरचे वजन किती? ट्रॉलीचे ब्रेक जोडायची सोय आहे काय? आरसी बुकात ट्रॉलीसह किती वजनाची परवानगी आहे? आणि विमा भाड्याच्या वाहतुकीचा आहे की फक्त शेतीकामाचा? 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. तो दंड कारखाना भरत नाही.

हॉर्सपॉवरचाही विचार करा. 50 च्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी 2023 पासून धुराचे कडक नियम लागू झाले. इंजिन महागले, दुरुस्ती गावच्या मिस्त्रीच्या हातची राहिली नाही. वाहतूक पाच-सहा महिने, हप्ता मात्र वर्षभर चालतो, आणि तारण असते जमीन.

कोणी म्हणेल, ट्रॉलीला ब्रेक बसवायला पैसा कुठून आणावा? 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. 8 लाख मूळ किमतीवर 56,000 रुपये वाचतात. ते टेप आणि झालरींत घालवू नका. आधी ब्रेक, मग पाठीमागचे दिवे आणि रिफ्लेक्टर.

जुना ट्रॅक्टर असेल त्यांनी एवढे तरी पाळा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करा. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. वेग दुप्पट झाला, की थांबायला चौपट अंतर लागते. आणि भरल्या उसावर माणूस बसवू नका.

जास्त खेपा, जास्त टन, हा हिशेब कारखान्याचा आहे, मुकादमाचा आहे. टोळी धडधाकट घरी परत यावी, हा हिशेब आपल्यालाच मांडावा लागेल. यंदा गाडी जोडण्याआधी तो मांडा.