डोळे पिवळे दिसले तर माळ नको, तपासणी करा

आम्ही हिवरा आश्रमच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. भाकरी थापत असाल, डाळ निवडत असाल, तर हात चालू द्या. कान मात्र इकडे असू द्या. आज लिव्हरबद्दल, म्हणजे यकृताबद्दल बोलायचं आहे.

यकृत असतं उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली. मोठ्या माणसाचं साधारण दीड किलोचं. विवेकानंद जयंतीचा आपला महाप्रसाद आठवा. पुरी आणि वांग्याची भाजी एका ठिकाणी तयार होते आणि ट्रॅक्टरमधून पंगतीपर्यंत जाते. यकृताचंही तसंच आहे. खाल्लेल्या अन्नातलं सत्त्व तिथे येतं, साठतं आणि लागेल तसं अंगभर वाढलं जातं. वरून औषधं, दारू, नको ते पदार्थ निवडून काढायचं कामही त्याच्याचकडे. एवढं काम करून ते लवकर तक्रार करत नाही, आणि तिथेच आपण फसतो.

आमचंच सांगतो. एका पावसाळ्यात गटातल्या एका मावशींची सून आजारी पडली. आठवा महिना होता. जेवण जाईना, मळमळ व्हायची, लघवी गडद पिवळी. आम्ही म्हटलं, दिवस भरत आले, असं होतंच. मग डोळे पिवळे झाले. तेव्हा काविळीची माळ आणा म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी ती बरळायला लागली, तेव्हा गाडी बोलावली. सून वाचली, बाळ वाचलं नाही. त्या मावशी आम्हाला एक शब्दही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

माळेचं गुपित आम्हाला नंतर कळलं. ती ओल्या काड्यांची असते. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. आपल्याला वाटतं, कावीळ उतरली. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, तेही असंच. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावला की चुन्याशी मिळून पिवळा रंग येतो. निरोग्या माणसाच्या हातानेही येतो. मग माळेने लोक बरे कसे होतात? दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते, श्रेय माळेला जातं. पण ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला फार वाईट. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर १०० पैकी २० ते २५ बायांपर्यंत जीव जाऊ शकतो. म्हणून पोटुशी बाईचे डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी दवाखाना.

ही कावीळ घाण पाण्यातून येते. २०१२ साली इचलकरंजीत नळाच्या पाण्यातून साथ पसरली, हजारो लोक आजारी पडले, कितीतरी दगावले. तेव्हा पावसाळ्यात पाणी उकळून प्या. टाकीत टीसीएल पावडर पडते का, नाल्याजवळ पाइप गळतो का, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा.

बी आणि सी प्रकारची कावीळ रक्तातून पसरते. एकच सुई, एकच वस्तरा दोघांना नको. बी प्रकार शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही जातो. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत बी काविळीची लस द्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. नर्सबाईंना आठवण करून द्यायला लाजू नका. देशात २०१८ पासून काविळीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात बी आणि सीची तपासणी आणि औषधंही मोफत आहेत.

दारूचं तर आपण घरोघरी पाहतोच. पण दारूला हात न लावणाऱ्या बाईच्याही यकृतावर चरबी चढते. वाढलेलं पोट, साखरेचा आजार, गोड चहा, तळलेलं, बसून राहणं, ही त्याची कारणं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने वाढवून खाणं आणि पुडीतली अनोळखी औषधं, यांनीही यकृत बिघडतं.

आता खुणा लक्षात ठेवा. सततचा थकवा, अन्नावरची वासना उडणं, गडद लघवी, पांढुरकी शौच, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे. यातलं काही दिसलं की आशाताईंना सांगा, रक्त तपासा. आणि पोटात पाणी भरणं, पाय सुजणं, रक्ताची उलटी, काळी शौच, बरळणं, दिवसा झोप नि रात्री जाग, ही धोक्याची घंटा. रक्ताची उलटी, काळी शौच किंवा बरळणं असेल तर घटकाभरही थांबू नका, १०८ लावा.

आमच्या गटाने आता एक ठराव केला आहे. दवाखान्यासाठी कर्ज मागितलं तर मासिक बैठकीची वाट पाहायची नाही. अध्यक्ष आणि सचिव दोघींनी त्याच दिवशी पैसे द्यायचे, सह्या नंतर. पहिली सही त्या मावशींची आहे.

तुमच्या गटातही हा विषय काढा. आणि आज रात्री दिव्याखाली नको, उद्या सकाळी उजेडात घरातल्या सगळ्यांचे डोळे एकदा बघा. सकाळच्या उजेडात पिवळेपणा लवकर कळतो.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.