त्रिगुणांचा आरसा

आजच्या सेवेला विषय घेतला आहे तो माणसाच्या स्वभावाचा.

चार माणसं पारावर बसली की काय चालतं? अमका तापट, तमका आळशी, तो चिकट, हा भोळा. दुसऱ्याचा स्वभाव सांगायला आपल्याला पोथी लागत नाही. पण स्वतःचा स्वभाव सांगा म्हटलं, की आवाज बसतो. काय मंडळी, खरं की नाही?

माणसांचे प्रकार किती, हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीस देशातल्या वैद्यांनी शरीरात चार रस मानले: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. सुमारे १८०० वर्षांपूर्वी तिकडे गॅलेन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याच्या परंपरेनं सांगितलं, की रक्त अधिक तो आनंदी, पिवळं पित्त अधिक तो रागीट, काळं पित्त अधिक तो उदास आणि कफ अधिक तो थंड. हीच विद्या पुढं युनानी हकिमांनी आपल्या देशात आणली. युनानी म्हणजे ग्रीकच.

आपल्या आयुर्वेदानं तीन दोष सांगितले: वात, पित्त, कफ. त्यांवरून देहाच्या प्रकृती सात. एकेका दोषाच्या तीन, दोन दोन मिळून तीन, आणि तिन्ही समान असलेली सातवी. वाताचा माणूस चपळ, बोलका, पण एका जागी ठरत नाही. पित्ताचा बुद्धीनं तल्लख, पण लवकर तापतो. कफाचा संथ, झोपेला जड, पण धीराचा. ही प्रकृती गर्भापासून घडते. ती मोडायची नसते, सांभाळायची असते.

पण मंडळी, ही झाली देहाची गोष्ट. चरकाचार्यांनी मनाचे प्रकार वेगळे मोजले. सत्त्वाचे ७, रजाचे ६, तमाचे ३, एकूण १६. म्हणजे वैद्यालासुद्धा ठाऊक होतं, की देहाची प्रकृती एक आणि मनाचा गुण दुसरा. ही गोष्ट पदराला बांधून ठेवा. पुढं लागणार आहे.

आता भगवंतांकडे येऊ. गीतेचा १४वा अध्याय गुणत्रयाचा. सत्त्व प्रकाश देतं, रज धावायला लावतं, तम झाकून टाकतं. आपण काय करतो? तीन खोल्या करतो आणि एकेकात माणसं कोंडतो. हा सात्त्विक, हा राजस, हा तामस! भगवंत तसं सांगत नाहीत. ते सांगतात, तिन्ही गुण प्रत्येकात आहेत, आणि आळीपाळीनं एक गुण बाकीच्या दोघांना दाबून वर येतो.

आपली सावित्री बघा. महाबळेश्वराहून निघते, पोलादपूरवरून महाडला येते, बाणकोटला समुद्राला मिळते. वैशाखात ती डोहाडोहांत साठून राहते, वर शेवाळ धरतं. आषाढात गढूळ होऊन धावते, वाटेत येईल ते ओढून नेते. मार्गशीर्षात तळाचा गोटा दिसावा इतकी निवळते. नद्या तीन झाल्या का? नदी एकच. तम, रज, सत्त्व हे तिचे ऋतू.

सप्ताहाचीच गोष्ट घ्या. एकानं तांदळाचं पोतं आणून मुकाट्यानं ठेवलं. हे सात्त्विक दान. दुसरा म्हणाला, फलकावर नाव येईल ना? हे राजस. तिसऱ्यानं पोतं आपटलं, 'घ्या एकदाचं' म्हणून तोंड वाकडं केलं. हे तामस. १७व्या अध्यायात दानाचे हेच तीन प्रकार आहेत. आणि गंमत अशी, की हे तिघं एकच माणूस असू शकतो. यंदाचा, गेल्या वर्षीचा आणि त्याच्या आदल्या वर्षीचा!

विठ्ठल, विठ्ठल!

आपल्याच महाड तालुक्यात वरंध घाटाच्या पायथ्याला शिवथरघळ आहे. समर्थांनी दासबोध तिथं सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली ती घळ पुन्हा उजेडात आणली. त्या दासबोधाचा दुसरा दशक उघडून पाहा. पाचव्या समासात रजोगुण, सहाव्यात तमोगुण, सातव्यात सत्त्वगुण. पण दशक सुरू कशानं होतो? मूर्खाच्या लक्षणांनी. आणि संपतो कशावर? पढतमूर्खावर! शिकलेल्या मूर्खावर. शिवाय समर्थ स्वतः म्हणतात, की ही मूर्खलक्षणं टाकून देण्यासाठी सांगितली आहेत. दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवण्यासाठी नव्हेत.

नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं बोलू नये, म्हणून सांगतो. तो शेवटच्या समासातला पढतमूर्ख मी आहे.

आळंदीहून शिकून आलो तेव्हा गुणांची लक्षणं मला तोंडपाठ होती. माझा धाकटा भाऊ जाड अंगाचा, बोलणं कमी, झोप भरपूर. गळ्यात माळ नाही, कीर्तनाला आला तर खांबाला टेकून डुलक्या. मी त्याला तमोगुणी ठरवून टाकलं. आईसमोर, त्याच्या बायकोसमोर, पुढं त्याच्या मुलांसमोरही तेच म्हणायचो. घरातल्या कुठल्या निर्णयात त्याला विचारलं नाही. असं एक दिवस नाही, जवळजवळ ४० वर्षं चाललं. तो एका शब्दानं उलट बोलला नाही. तेही मी तमातच जमा केलं!

मग २२ जुलै २०२१ चा तो दिवस आला. तुम्हाला वेगळं सांगायला नको. सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या. त्याच संध्याकाळी तळीये गावावर दरड कोसळली, ८० पेक्षा अधिक माणसं गेली. आमच्या घरात पायऱ्यांवरून पाणी चढत होतं, आणि हा सात्त्विक महाराज काय करत होता? पोथ्या भिजल्या म्हणून बायकोवर ओरडत होता! धाकटा मात्र कमरेएवढ्या पाण्यातून शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना पाठीवर घेऊन आला. त्यांना माडीवर ठेवलं, आईला कोरडं नेसायला दिलं, आणि मला म्हणाला, "दादा, तू वर बस. जप कर. मी आहे."

पाणी ओसरल्यावर आठ दिवस त्यानं चिखल उपसला. आधी काकूंच्या घरातला, मग आमच्या. घाई नाही, चिडचिड नाही. तेव्हा मला वैद्यांचं ते वचन आठवलं. अरे, याचा संथपणा हा देहातला कफ होता, मनातला तम नव्हता! तम कुठं होता? ४० वर्षं शेजारी राहणाऱ्या भावाला जो पाहू शकला नाही, त्याच्या डोळ्यांवर होता.

मग माझ्यात सत्त्व नव्हतंच का? थोडं असेल. पण भगवंत म्हणतात, सत्त्वसुद्धा बांधतं. सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीनं बांधतं. बेडी सोन्याची असली तरी बेडीच. 'मी सात्त्विक' म्हटलं, की तिला कुलूप लागलं. हे तिन्ही गुण ओलांडायला गीतेनं त्याच अध्यायाच्या शेवटी उपाय सांगितला आहे: ढळणार नाही अशी भक्ती. म्हणून नाम घ्यायचं. स्वतःला सात्त्विक म्हणवून घेण्यासाठी नाही, हा 'मी' विरघळावा म्हणून घ्यायचं.

चिखल निघाला त्या रात्री मी धाकट्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो संकोचून मागं सरला, म्हणाला, "दादा, हे काय? तू मोठा." मी म्हटलं, "वारकऱ्यांत लहानमोठा नसतो." तो हसला, आणि तिथंच भिंतीला टेकून झोपला. ती झोप मी पहिल्यांदाच नीट पाहिली.

मंडळी, आता आरती होईल आणि रीतीप्रमाणं आपण एकमेकांच्या पाया पडू. आज एक करा. आपण मनात ज्याला कायमचं नाव ठेवून टाकलं आहे, भाऊ असो, सून असो, शेजारी असो, त्याच्याकडे आधी जा. इथं नसेल तर घरी गेल्यावर जा. आणि लक्षणांचा आरसा तेवढा आपल्याकडे वळवून धरा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!