अमानत आणि कायदा



अडल्यानडल्याच्या मदतीला धावणे आपल्याला नवे नाही. परंतु समाजकार्य हा शिकून करावयाचा व्यवसायही आहे. मुंबईत १९३६ साली त्यासाठी सर दोराबजी टाटा यांच्या नावाने शाळा निघाली. आज ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाते. या व्यवसायाचा एक मूळ नियम असा की, दुःखी माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर जाऊ द्यावयाची नाही. आपल्या भाषेत ती अमानत आहे. पुसेगावसारख्या, सर्व जण एकमेकांना ओळखणाऱ्या गावात तर तिचे मोल फार मोठे.

पण कायदा काय म्हणतो? १४ नोव्हेंबर २०१२ पासून बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला. १८ वर्षांखालील मुलावर वा मुलीवर असा अपराध झाल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे त्याचे कलम १९ सांगते. शिक्षक, डॉक्टर, समाजसेवक, शेजारी, कोणालाही सूट नाही. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मग कार्यकर्त्याने अमानत सांभाळावी की कायदा?

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. एका डॉक्टरांना माहिती असूनही त्यांनी ती कळविली नाही, असा आरोप झाला. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला. माहिती असून गप्प राहणे हा गंभीर अपराध आहे, असे त्याने बजावले.

त्याच न्यायालयाने पाचच आठवडे आधी, २९ सप्टेंबर २०२२ रोजी, दुसरी गोष्ट सांगितली होती. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळविताना तिचे नाव-गाव देण्याची गरज नाही. हे दोन निकाल एकत्र वाचावेत. गुन्हा झाकू नका, पण मुलीला उघडे पाडू नका, हा त्यांचा अर्थ आहे.

तरीही सगळे सुटत नाही. सोळा-सतरा वर्षांची विवाहित मुलगी गरोदर असते. पत्नी १८ वर्षांखालील असेल तर लग्न झालेले असूनही संबंध हा अपराध होय, असा निर्णय ११ ऑक्टोबर २०१७ रोजी झाला आहे. नवऱ्यावर गुन्हा दाखल होईल या भीतीने घरचे लोक तिला दवाखान्यात नेत नाहीत, आणि जीव तिचा धोक्यात येतो. कार्यकर्ता बोलला तर घर दुरावते. न बोलला तर तो कायदा मोडतो.

अशा वेळी प्रामाणिक कार्यकर्ता एक करू शकतो. मुलीने तोंड उघडण्यापूर्वीच त्याने तिला सांगावे, ''बेटी, तुझी गोष्ट मी गावात करणार नाही. पण तुझ्यावर अत्याचार झाला असेल तर पोलिसांना कळविणे मला भाग आहे. तेव्हा मी तुझ्याबरोबर येईन.'' खोटे वचन देऊन विश्वास मिळवू नये. कळवावे ते फक्त कायद्याने ज्याला कळवावयाचे त्यालाच. आणि उपचार आधी व्हावेत.

पालकहो, हा पेच पुष्कळदा आपणच निर्माण करतो. ऊसतोडीला जाण्यापूर्वी लेकीचे हात पिवळे करून मोकळे होण्याची घाई मराठवाड्यात अनेक घरांत होते. परक्या गावी तरण्या मुलीची काळजी वाटते, हे मी जाणतो. पण १८ वर्षे पुरी होईपर्यंत तिला शाळेत राहू द्या. तिची काळजी तेथेही घेता येते.

आणि विद्यार्थ्यांनो, न कळविल्याची शिक्षा बालकाला नाही, हे ध्यानात ठेवा. तुमच्यावर किंवा मैत्रिणीवर प्रसंग आला तर घाबरू नका. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनी सेवा आजही देशभर चालू आहे. विश्वासाच्या माणसाला सांगा. ऐकणाऱ्याने ते चव्हाट्यावर मांडू नये आणि दडपूही नये. अमानत सांभाळणे म्हणजे ज्याची ती आहे त्याचे रक्षण करणे, गुन्हेगाराचे नव्हे.