धीर नको, सोबत कोण येणार ते सांगा



मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे उदाहरणही आमच्याच धंद्यातलं देतो. रँडी पॉश हा पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवायचा. त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. १८ सप्टेंबर २००७ ला त्याने विद्यापीठात भाषण दिलं. सुरुवातीलाच स्वतःचे स्कॅन पडद्यावर दाखवले. यकृतात दहाएक गाठी; डॉक्टरांच्या मते तीन ते सहा महिने बरे जातील. एवढं सांगून पठ्ठ्याने स्टेजवरच पुशअप्स काढले! इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर आम्ही तो व्हिडिओ डोळे पुसत पाहिला होता.

आज त्याचे तुकडे फिरतात, मागे संगीत लावून. पुशअप्सचा तुकडा हमखास असतो. मार्च २००८ चा रँडी मात्र क्वचितच दिसतो. तेव्हा तो वॉशिंग्टनला, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे गेला आणि या आजाराच्या संशोधनासाठी पैसा मागितला. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे असतं. लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकांची ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. मागणी लावून धरायला रुग्ण फार दिवस जगतच नाहीत, मग बोलणार कोण? हे सांगायला तो आजारी अंगाने गेला होता. २५ जुलै २००८ ला तो वारला, ४७ व्या वर्षी.

मला तो रँडी जास्त जवळचा वाटतो. तो नुसता हसत नव्हता, काही मागतही होता.

माझ्या मामूंना कॅन्सर झाला तेव्हा नातेवाइकांनी त्यांना असे व्हिडिओ पाठवायचा सपाटा लावला. बघा, तो कसा लढतोय! मामूंनी एक दिवस मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाले, "बेटा, धीर पुरे झाला. मंगळवारी तपासणीला माझ्यासोबत कोण येणार, ते सांग." ग्रुपमध्ये छत्तीस जण होते. सगळ्यांनी दुआ दिली होती, दिलसे दिली होती. मंगळवार मात्र कोणीच विचारला नव्हता.

आजारी माणसाने आपल्याला प्रेरणा द्यावी, ही अपेक्षाच मला जरा विचित्र वाटते. त्याला रडायचं असेल, चिडायचं असेल, तर तेही चालायला हवं.

आता कामाचं. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. किमोच्या दिवशी रुग्णाला नेण्या-आणण्यासाठी कोणाकडे रिक्षा किंवा गाडी आहे, आठवड्यातला कोणता दिवस मोकळा आहे, हे नाव आणि नंबरासकट लिहा. मुलींनीही लिहा, बायकांना सोबत बाईच हवी असते. माझा मंगळवार मी लिहिला आहे.