समूहाला नाव देताना : इंग्रजीतील काही शब्दांचा विचार

(मंडळाच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)





आजचा विषय व्याकरणाच्या पुस्तकातला वाटेल. इंग्रजीच्या परीक्षेसाठी आपली मुले एक यादी पाठ करतात. मेंढरांचा 'फ्लॉक', गुरांचा 'हर्ड', मधमाश्यांचा 'स्वॉर्म', लांडग्यांचा 'पॅक', जहाजांचा 'फ्लीट' आणि सिंहांचा 'प्राइड'. यातले काही शब्द शिकारीचा शौक असलेल्या उमरावांच्या बोलीतून आले. इंग्लंडमध्ये १४८६ साली छापलेल्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स' या ग्रंथात अशा शब्दांची लांबलचक यादी आहे. ती पाठ करावी, गुण मिळतात. पण माणसांच्या समूहाचे शब्द आले की पाठांतर पुरत नाही. आपल्याला काय म्हटले हे मेंढराला कळत नाही, माणसाला कळते.

प्रथम काही शब्दांचे मूळ पाहू. 'क्राउड' आणि 'थ्राँग' हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतील ढकलणे, रेटणे या अर्थाच्या क्रियापदांतून आले. त्यांत फक्त गर्दीचा रेटा आहे, निंदा नाही. 'मॉब'चे तसे नाही. लॅटिनमध्ये 'मोबिले व्हल्गस' म्हणजे चंचल, कुठेही वाहवत जाणारे सामान्य लोक. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे तुकडे पडून 'मॉब' उरला. जोनाथन स्विफ्ट या लेखकाने १७१० साली अशा तोडलेल्या शब्दांविरुद्ध लिहिले. त्याची तक्रार शब्द तोडल्याची होती. गरिबाला चंचल म्हटल्याबद्दल ती नव्हती.

'होर्ड'ची गंमत वेगळी आहे. तुर्की भाषेत 'ओर्दू' म्हणजे छावणी. हाच शब्द आपल्याकडे आला आणि 'उर्दू' या गोड भाषेचे नाव झाला. युरोपात गेला आणि रानटी टोळधाडीचे नाव झाला. शब्द एकच. तो कोणाच्या तोंडी पडला, त्यावर त्याचे भाग्य ठरले.

'कंपनी' हा शब्द मला फार आवडतो. लॅटिनमध्ये 'पानिस' म्हणजे पाव, भाकरी. एकत्र भाकरी खाणारे ते 'कंपनी'. ज्यांच्या पूर्वजांना कोणी पंक्तीला बसू दिले नाही, त्यांना या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. त्याच भाषेत 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळप एकत्र आला की 'काँग्रिगेशन', आणि कळपातून वेगळे काढले की 'सेग्रिगेशन'. जवळ घेणे आणि दूर लोटणे, दोन्ही शब्द एकाच मुळाचे.

आता हे शब्द इतिहासात कसे वापरले गेले ते पाहू. १७९० साली एडमंड बर्क या प्रसिद्ध वक्त्याने फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करताना सामान्य जनसमूहाला, म्हणजे 'मल्टिट्यूड'ला, डुकरांचे विशेषण लावले. त्याला उत्तर देणारा थॉमस स्पेन्स हा गरीब घरातला मनुष्य होता. १७९३ साली त्याने स्वस्त नियतकालिक काढले आणि त्याचे नावच ठेवले 'पिग्ज मीट', म्हणजे डुकरांचा खुराक. तुम्ही आम्हाला डुकरे म्हणता ना, मग हा घ्या आमचा विचारांचा खुराक! दिलेली शिवी मथळ्यावर छापून त्याने तिची धार बोथट केली. १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले. ते आठवले की स्पेन्सची ही युक्ती आपल्याला परकी वाटत नाही.

पुढे १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर सुमारे ६०,००० लोक जमले. एवढे मोठे औद्योगिक शहर, पण पार्लमेंटमध्ये त्याचा एकही स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता. प्रतिनिधित्व मागण्यासाठी कामगार बायकामुलांसह, ठेवणीतले कपडे घालून, वाजतगाजत आले होते. त्यांच्या लेखी ती 'मीटिंग' होती. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या लेखी तो दंगलखोर जमाव होता. त्यांनी घोडदळ घातले. पंधराहून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. समूहाचे नाव आधी ठरले की पुढची कृती सोपी होते, हे या घटनेतून शिकावे.

आपल्या देशातही तेच घडले. १८७१ साली इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज' कायदा केला. 'ट्राइब' या साध्या शब्दामागे एक विशेषण जोडले आणि पाळण्यातले मूल जन्मतः गुन्हेगार ठरले. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला, पण लोकांच्या तोंडचा शिक्का अजून पुरता पुसलेला नाही.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. २०१५ साली ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी भूमध्य समुद्र ओलांडून येणाऱ्या स्थलांतरितांसाठी 'स्वॉर्म' हा शब्द वापरला. माणसांना कीटकांच्या थव्याचा शब्द लावल्याबद्दल त्यांच्यावर मोठी टीका झाली.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बेकायदेशीर जमावासाठी किमान पाच माणसे सांगितली होती. २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही आकडा तोच आहे. परंतु पाच माणसे जमली एवढ्याने गुन्हा होत नाही. त्यांचा समान उद्देश बेकायदेशीर असावा लागतो. कायदासुद्धा उद्देश विचारून मग नाव देतो. मग बातमी लिहिणाऱ्याने निदान तेवढे तरी करू नये काय?

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, एक अभ्यास सांगतो. इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या आणि समूहाच्या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढा. मग विचारा : लिहिणारा कोठे उभा आहे, समूहाच्या आत की गच्चीवर? जमलेले लोक कशासाठी आले, हे त्याने सांगितले आहे काय? स्वतःच्या घरच्या माणसांसाठी त्याने हाच शब्द वापरला असता काय? सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांना नुसते 'क्राउड' म्हटले की ती वाहतुकीची बातमी होते. 'फॉलोअर्स' म्हटले की ती अभिवादनाची बातमी होते.

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावावी. नोकरी लागली, फ्लॅट झाला की आपल्याही तोंडी 'ते झोपडपट्टीवाले' असा शब्द येऊ लागतो. उद्या तुमच्यापैकी कोणी अहवाल लिहील, कोणी बातमी लिहील, कोणी अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसेल. तेव्हा समोरच्या हजारो माणसांना काय म्हणायचे, हे तुमच्या लेखणीवर असेल. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडवलेल्या संविधानाच्या उद्देशिकेत या देशातील साऱ्या माणसांसाठी एकच शब्द आहे, 'पीपल'. लोक. शंका आली की तो शब्द वापरा.



जयभीम!